आईशी शेवटच्या काळाबद्दल कसं बोलू? मदत हवी आहे

आईला सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, हल्ली घरीच ऑक्सिजन लागतो. डोकं मात्र तल्लख आहे, म्हणूनच आत्ता विचारायचंय. श्वास फारच अडकला तर व्हेंटिलेटर लावायचा का? हृदय थांबलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न, करायचा का? छाती दाबताना म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडू शकतात, हे कळल्यापासून तर तिच्याच तोंडून ऐकायचंय. पण विषय काढला की ती म्हणते, "तेव्हाचं तेव्हा बघू," आणि नेब्युलायझर पुसत बसते. भाऊ म्हणतो, अभद्र बोलू नकोस.

तुमच्यापैकी कुणी आईवडिलांशी हे बोललंय का? सुरुवात नेमकी कुठल्या वाक्याने केलीत? आधी भावाला तयार करू, की पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांनाच मध्ये घेऊ? तिची इच्छा लिहून घ्यायचीय, पण तिला दुखवायचं नाहीये.