मदत हवी आहे: ड्रायव्हर लोकांचं म्हणणं नावं न सांगता मॅनेजमेंटपर्यंत कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी. इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सुपरवायझर आहे. त्याआधी चौदा वर्षं ट्रेलर चालवला. न्हावाशेवा ते चाकण, रांजणगाव, वाळूज. कमरेचं ऑपरेशन झालं, स्टिअरिंग सुटलं आणि यार्डात आलो. कंपनीचे साठेक ट्रेलर आहेत. दीड वर्षापूर्वी म्हाताऱ्या शेठने धंदा विकला. आता वरची मंडळी नवी आणि सगळा कारभार लॅपटॉपवर.

गेल्या सोमवारी ऑपरेशन्स मॅनेजरने बोलावलं. म्हणाले, "सहा महिन्यांत एकवीस ड्रायव्हर सोडून गेले. उरलेल्यांना काय वाटतं ते विचारा आणि शुक्रवारपर्यंत एक्सेलमध्ये द्या." एक्सेलचे रकाने त्यांनीच आखून दिलेत. पहिला रकाना ड्रायव्हरचं नाव, दुसरा गाडी नंबर, तिसरा तक्रार.

ऑफिसात एकेकाला विचारलं तर बीडचा असो की बलियाचा, उत्तर एकच, "सब ठीक है." मग रात्री यार्डामागच्या टपरीवर जाऊन बसलो तेव्हा तोंडं उघडली. तीन रात्रींत चोवीस जणांशी बोललो. त्यांना शब्द दिलाय की नाव जाणार नाही.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते भत्त्यावर. पूर्वी न्हावाशेवा-चाकण फेरीला ७०० रुपये भत्ता आणि दिवसाला ३५० खुराकी, म्हणजे जेवणखर्च. फेरीला दोन दिवस लागले तर १४००, तीन लागले तर १७५०. पगार वेगळा. आता खुराकी बंद, किलोमीटरला ५ रुपये. जाऊन-येऊन धरा २४० किलोमीटर, म्हणजे १२००. पोर्टच्या रांगेत रात्र गेली, चाकणला कंपनीच्या गेटबाहेर अख्खा दिवस गेला, तरी १२००च. जेवण, अंघोळीचे पैसे, संडासचे पैसे, सगळं त्यातून. एक जण म्हणाला, "गाडी उभी म्हणजे मी काय घरी असतो का?" हा बदल व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला आला आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झाला.

गंमत अशी की नागपूर आणि बंगळूरू लाइनवाले याच नियमावर खूश आहेत. त्यांची चाकं फिरती असतात, त्यांना पूर्वीपेक्षा जास्त सुटतात. त्यामुळे सगळ्यांची सरासरी काढली की कागदावर सगळं छान दिसतं. मॅनेजर खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं दिसतंय.

दुसरा विषय कॅमेरा. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणारा कॅमेरा बसवलाय. जांभई दिली की बोंबलतो, मोबाइल हातात घेतला की बोंबलतो. इथवर ठीक आहे, मोबाइलवाल्यांना माझीही सहानुभूती नाही. पण खंडाळ्याच्या घाटात चाळीस फुटी कंटेनर घेऊन डावीकडे वळताना मागचा बॉक्स कुठे चाललाय हे बघायला पुढे वाकून डाव्या आरशात बघावंच लागतं. नाही बघितलं तर शेजारची कार बॉक्सखाली. त्या वाकण्यालाही कॅमेरा 'लक्ष विचलित' म्हणतो. दिवसात तिनाच्या वर अलर्ट गेले की प्रत्येकी ५० रुपये कट. एकाने कॅमेऱ्याच्या काचेवर बायकोची टिकली चिकटवली होती, लाल, मोठी. पंधरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

डिझेलचं अ‍ॅव्हरेज लिटरला ३.४ किलोमीटर धरलंय. रिकामं, भरलेलं, घाट, सपाट, सगळ्याला एकच. कमी पडलं तर फरक पगारातून. आता ऐका. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, त्यामुळे आमच्याकडे आलेल्या सहा नव्या गाड्यांना एसी आहे. पण तो कुणी लावत नाही. अ‍ॅव्हरेज पडतं. परवा दुपारी एक जण नव्या गाडीतून उतरला, बनियन पिळून काढावी इतकी ओली. काच खाली, एसी बंद. म्हणे, "दोनशे रुपयांचा गारवा मला परवडत नाही."

पोचपावतीचा फोटो टाकायचं अ‍ॅप इंग्रजीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. पोरं एकमेकांची टाकून देतात.

चांगलंही सांगितलं त्यांनी. पगार सात तारखेला बँकेत येतो, पीएफ कापला जातो आणि भरलाही जातो. शेठच्या वेळी तीन-तीन महिने पगार अडकायचा, शिव्या वेगळ्या. तरी शेठची आठवण सगळे काढतात. शेठ रात्री दोनला फोन उचलायचा आणि पोरीच्या लग्नाला उचल द्यायचा. आताचा फोन 'एक दाबा, दोन दाबा' करतो.

माझे प्रश्न असे. नावाचा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का, की माझ्यावरच येईल? यातलं कायद्याने चुकीचं काय आणि नुसतं न आवडण्यासारखं काय? आणि हे रडगाणं वाटणार नाही असं लिहायचं कसं? मी बारावी नापास आहे, इंग्रजी जेमतेम.

– कळंबोलीकर

रोखठोक: डिझेल चोरतात म्हणून अ‍ॅव्हरेज लावावं लागतं हेही लिहा ना. आमच्या काकांच्या तीन गाड्या होत्या. ड्रायव्हर लोकांनीच बुडवला धंदा.

कळंबोलीकर: चोरतात, नाकारत नाही. मी कॅन भरताना डोळ्यांनी बघितलंय. पण आता टाकीत सेन्सर आहे. चोरी झाली की टाकीची लेव्हल एकदम खाली येते, ग्राफवर दिसतं. त्याला पकडा. घाटात भरलेल्या गाडीने डिझेल खाल्लं त्याचे पैसे दुसऱ्याकडून का?

कायदेकानू: कामगार कायद्यात वकिली करतो, म्हणून थोडं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तुमच्या लोकांना पूर्वी १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा लागायचा, तो आता त्यात विलीन झाला. तुमच्या मुद्द्यांपैकी तीन ठिकाणी कंपनीची बाजू लंगडी आहे.

कॅमेऱ्याचे ५० रुपये हा सरळ दंड आहे. वेतन संहितेत दंड कशाकशाला लावणार ते सरकारची आधी मंजुरी घेऊन नोटिशीत लावावं लागतं, दंड लावण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि एका पगारात एकूण दंड ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. शिवाय दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरायची असते. यातलं काय काय झालंय ते तुम्हीच बघा.

डिझेलचा फरक नुकसानभरपाई म्हणून कापायचा असेल तर नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच झालं असं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. अ‍ॅव्हरेज कमी आलं म्हणजे हलगर्जीपणा, असं होत नाही.

तिसरा मुद्दा खुराकीचा. भत्त्यात बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस लागते. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. रात्री साडेनऊचा व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे नोटीस नव्हे. तो मेसेज मात्र जपून ठेवा.

एक सल्ला. हे कायद्याचं सगळं पहिल्याच कागदात घालू नका. तुम्ही सुपरवायझर आहात, युनियनचे पुढारी नाही. कायदा खिशात ठेवा.

पिंपळपान: मी अकरा वर्षं एचआरमध्ये होते, दुसऱ्या बाजूने सांगते. मॅनेजरला नावं हवी आहेत ती बहुधा सूड घ्यायला नाही. रकाने आखताना पहिला रकाना नावाचाच करायची सवय असते, एवढंच. पण एकदा यादी तयार झाली की ती कुठे कुठे फॉरवर्ड होईल ते त्यांच्याही हातात नसतं. म्हणून दादा, नावाच्या जागी लाइन लिहा. 'न्हावाशेवा-चाकण, ९ जण', 'नागपूर, ६ जण'. लाइनवर दोघेच असतील तर ती दुसऱ्या लाइनमध्ये मिसळा, नाहीतर कोण बोललं ते लगेच कळतं. आणि मुद्दाम खुश असलेल्यांचंही लिहा. नागपूरवाल्यांचं वाचलं की चाकणवाल्यांचं खरं वाटेल.

घाटमाथा: तुमच्या कंपनीने जीपीएस लावलंय ना? मग तक्रार कशाला लिहिता, फेऱ्या लिहा. गाडी पोर्टच्या रांगेत किती वाजता लागली, कधी सुटली, चाकणला गेटवर कधी पोचली, आत कधी घेतली. हे सगळं त्यांच्याच मशीनमध्ये आहे. चाकं फिरली किती तास आणि माणूस गाडीत होता किती तास, असे दोनच रकाने करा. माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, मी पार्टीकडून, म्हणजे ज्याचा माल त्याच्याकडून, हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) असंच वसूल करतो. तुमची कंपनीही पार्टीला हॉल्टिंग लावत असणार. ते येतं कुठे आणि जातं कुठे, हा प्रश्न आपोआप वर येईल, तुम्हाला विचारायची गरज नाही.

कळंबोलीकर: घाटमाथा, हे डोक्यातच आलं नव्हतं. हॉल्टिंगचं बिल पार्टीला जातं, मी स्वतः त्यावर सही करतो. पण एक अडचण आहे. फेरी लिहिली की दोन क्लिकमध्ये ड्रायव्हरचं नाव दिसतं. मग पुन्हा तेच झालं.

पिंपळपान: सोडून गेलेल्या एकवीस जणांच्या फेऱ्या काढा. त्यांना कोण काढणार?

रोखठोक: हे मात्र पटलं.

कळंबोलीकर: मंडळी, काय झालं ते सांगतो. गुरुवारी रात्री बसून गेलेल्यांच्या शेवटच्या महिन्यातल्या चाकणच्या चौदा फेऱ्या काढल्या. सगळ्यात वाईट फेरीत गाडी नऊ तास चालली आणि एकावन्न तास उभी होती. त्या ड्रायव्हरला मिळाले १२००. पार्टीला त्याच फेरीचं हॉल्टिंग लावलेलं होतं, बिलाची प्रत सोबत जोडली. डिझेलचं घाट आणि सपाट वेगळं करून दाखवलं. एसीचं एका ओळीत लिहिलं: नव्या सहा गाड्यांत एसी वापरला जात नाही, कारण अ‍ॅव्हरेज. कॅमेऱ्याचे घाटातल्या वळणावरचे चार व्हिडिओ जोडले, ड्रायव्हरचा चेहरा झाकून. माझ्या भाच्याने करून दिले.

जाता जाता गेलेल्यांपैकी तिघांना फोनही केला. एक जण जामखेडला शाळेची बस चालवतो. पैसे कमी मिळतात, पण संध्याकाळी घरी असतो, म्हणाला. दोघे आमच्या समोरच्याच यार्डात लागलेत. तिकडे खुराकी चालू आहे.

शुक्रवारी मॅनेजरने कागद दोनदा वाचला. नावांबद्दल विचारलंच. मी म्हटलं, "साहेब, ज्यांची नावं आहेत ते गेले." त्यावर काही बोलले नाहीत. हॉल्टिंगच्या बिलावर मात्र बोट ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, रांजणगाव आणि वाळूजचंही असंच काढून द्या, बुधवारी हेड ऑफिसला मीटिंग आहे.

कायदेकानू, तुमचं खिशात ठेवलंय, मेसेजचा स्क्रीनशॉटही. अजून एक विचारायचं होतं. बुधवारच्या मीटिंगला मलाही बोलावलंय. कुणी एखादा ड्रायव्हर सोबत न्यावा की एकट्यानेच जावं? टिकलीवाला यायला तयार आहे, पण तो तिथेही टिकलीचीच गोष्ट सांगेल अशी भीती वाटते.