मदत हवी आहे : दिवसभर बातम्या, रात्री अंधारात सिनेमा. ओएलईडी की मिनी-एलईडी?

मंडळी,

दहा वर्षांहून जास्त चाललेला आमचा प्लाझ्मा टीव्ही गेल्या आठवड्यात गेला. टक्क असा आवाज आला आणि पडदा काळा. सुटे भाग मिळत नाहीत. नवा प्लाझ्मा मिळण्याचा तर प्रश्नच नाही, कारण पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीला तो बनवणं थांबवलं आणि बाकीचेही पाठोपाठ गेले. थोडक्यात, मधली सगळी वर्षं मी या विषयाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

घरची परिस्थिती अशी. टीव्ही एकच. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत तो बाबांचा. बातम्यांचं ठरलेलं चॅनेल, कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी. टीव्हीच्या समोर मोठी खिडकी, त्यामुळे दुपारी उजेड सरळ पडद्यावर. रात्री दहानंतर दिवे मालवून मी सिनेमे बघतो, तेही बहुतेक काळोखातलेच. सोफ्यापासून पडदा तीन मीटर. टेप लावून मोजलंय.

'एलईडी टीव्ही' म्हणजे एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा, एवढं कळलं. पुढची द्रव-स्फटिकं तो उजेड अडवतात, पण पुरता अडवत नाहीत. मित्राकडे अशा टीव्हीवर अवकाशातला प्रसंग पाहिला. अवकाश काळं नव्हतंच, खडू पुसलेल्या फळ्यासारखं करडं होतं. बाजूच्या खुर्चीवरून मात्र रंग छान दिसत होते, हे कोडं सुटलं नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळं हवं तिथे चक्क विझतो. प्लाझ्मावाल्याला आणखी काय हवं? पण बाबांची लाल पट्टी! ती पडद्यावर कायमची उमटेल असं ज्याला-त्याला वाटतं. मिनी-एलईडी (तोही एलसीडीच, फक्त मागे पुष्कळ बारीक दिवे, तुकड्यातुकड्यांत विझणारे) घ्यावा तर सबटायटलांभोवती धुरकट उजेड पसरतो म्हणे.

दुकानात काही म्हणजे काही कळलं नाही. डोक्यावर झगझगीत दिवे, सगळे टीव्ही 'व्हिव्हिड' म्हणजे भडक रंगांच्या मोडवर, आणि सगळ्यांवर सावकाश उमलणारी फुलं. फुलं कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतात. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, पट्टीची भीती खरी किती? आणि ८के चा, म्हणजे ४के च्या चौपट पिक्सेलांच्या टीव्हीचा, विचार करू का?

प्रतिसाद १

एलसीडी पॅनेलच्या दोन मुख्य जाती, आयपीएस आणि व्हीए. मित्राचं पॅनेल आयपीएस जातीचं असणार. त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१, पण बाजूने रंग टिकतात. व्हीए पॅनेलचा ३०००:१ च्या पुढे जातो, मात्र कडेला बसलेल्याला चेहरे फिके दिसतात. खोक्यावर हे सहसा लिहीत नाहीत.

पट्टीबद्दल. ती अशी उमटते त्याला बर्न-इन म्हणतात. तो डाग नव्हे, झीज. पिक्सेलमधले सेंद्रिय पदार्थ वापराने मंदावतात. पट्टीखालचे पिक्सेल रोज दहा तास भडक लाल दाखवत राहिले तर ते शेजाऱ्यांच्या आधी म्हातारे होतात, आणि मग एकरंगी दृश्यात फरक दिसतो. अधूनमधून दुसरं काही लावलं म्हणून झालेली झीज भरून येत नाही, फक्त पुढची मंदावते. टीव्ही आपल्या परीने सांभाळतो : चित्र एखाददुसरा पिक्सेल सरकवतो, लोगो मंद करतो, आणि बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पिक्सेलांची तपासणी करून घेतो. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू राहायला हवं. तुमचे बाबा रात्री ते बंद करतात का?

धागाकर्ता

करतात. न चुकता. गॅसबरोबर तेही तपासून झोपतात.

प्रतिसाद २

मग ओएलईडीचं नावच काढू नका :) शिवाय खिडकी. भर उजेडात चांगला मिनी-एलईडी ओएलईडीला मागे टाकतो, विशेषतः पूर्ण पडदा पांढरा असतो तेव्हा. वीज आणि उष्णता आवाक्यात ठेवायला ओएलईडी अशा वेळी स्वतःच मंद होतो. क्यूडी-ओएलईडी म्हणून २०२२ पासून आलेला प्रकार रंगांना अप्रतिम, पण त्यात बाहेरच्या उजेडाचं परावर्तन अडवणारा ध्रुवक थर नसल्याने खोलीतल्या उजेडात त्याचा काळा रंग राखाडी-जांभळट वाटतो. रात्री हा दोष नाही.

'क्यूएलईडी' या नावाला भुलू नका. ओएलईडीशी त्याचं नातं अक्षरांपुरतं. तो एलसीडीच, निळ्या दिव्यापुढे क्वांटम डॉट्स नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा पापुद्रा लावलेला. रंग खरोखर शुद्ध येतात (या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), पण काळा किती काळा दिसेल याचा त्या पापुद्र्याशी काही संबंध नाही. ते ठरतं मागचे दिवे किती तुकड्यांत वेगळे विझवता येतात त्यावर.

सबटायटलांभोवतीचा उजेडही त्यामुळेच. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल. मागे हजार झोन (दिव्यांचे वेगळे विझणारे तुकडे) धरले तरी एका झोनच्या वाट्याला आठ हजारांवर पिक्सेल येतात. एक पांढरं अक्षर उजळायला सगळा झोन पेटतो. सबटायटल पांढऱ्याऐवजी करड्या रंगात लावा, निम्मा त्रास जातो.

प्रतिसाद ३

८के सोडा. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा पिक्सेल ०.६३ मिमी असतो. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा दिसतो. त्या हिशोबाने तो पिक्सेल सव्वादोन मीटरपलीकडे वेगळा ओळखू येत नाही. तुम्ही तीन मीटरवर! ४के सुद्धा तुम्हाला पुरतं दिसणार नाही. ते पैसे ६५ इंचात घाला.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल पेनड्राइव्हवर माझ्या आवडीचे दोन प्रसंग घेऊन पुन्हा दुकानात गेलो आणि विक्रेत्याला 'सिनेमा' मोड लावायला सांगितला. त्याला ते पटलं नाही, "पिवळट दिसतं हो," म्हणाला. दोन मिनिटांत डोळा सरावला आणि शेजारचा व्हिव्हिडवाला निळा पडल्यासारखा वाटायला लागला.

एक अनपेक्षित गोष्ट : ओएलईडीवर कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र अडखळतं. प्लाझ्मावर असं कधी जाणवलं नव्हतं.

प्रतिसाद १

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो आणि पुढची चौकट येईपर्यंत तसाच स्थिर राहतो, म्हणून उडी दिसते. एलसीडी जरा रेंगाळतो, त्या पुसटपणात ती लपते. मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय) अगदी खालच्या पायरीवर ठेवा. वर नेलंत तर सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसायला लागतो.

धागाकर्ता

कळलं. बटणाची सवय बाबा मोडतील असं वाटत नाही, आणि मी सांगणारही नाही. तेव्हा व्हीए पॅनेलचा मिनी-एलईडी, ६५ इंची. आता शेवटचं : झोन किती ते दोनपैकी एका मॉडेलच्या माहितीत दिलेलंच नाही. कसं ओळखू?

प्रतिसाद २

काळ्या पार्श्वभूमीवर एक छोटा पांढरा ठिपका सावकाश सरकत जातोय असा व्हिडिओ लावा. ठिपका एकसारखा सरकेल, पण त्याच्या मागचा उजेड घराघरातून, म्हणजे झोनाझोनातून, उड्या मारेल. आडव्या घरांना उभ्यांनी गुणा. आकडा अंदाजे येईल, पण दोन मॉडेलांमधला फरक लगेच कळेल.

धागाकर्ता

पण दुकानातले दिवे कोण मालवणार?

प्रतिसाद ३

काळं जॅकेट न्या. जुने फोटोग्राफर घ्यायचे तसं डोक्यावर घ्या आणि पडद्याला नाक लावा.