दोन महिने राहायचं तर पर्यटनस्थळ नको, नांदतं गाव हवं

मखमलाबादकर
निफाडचा पारा एक आकडी झाला की आमच्याकडे हिचे गुडघे आखडतात. मी निवृत्त झाल्यापासून डिसेंबर-जानेवारी आम्ही समुद्राकाठी काढतो. यंदा सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी दोन जोडपी मागे लागली आहेत, की उबदार, शांत आणि पेन्शनीत बसेल अशी जागा सांगा. माझं उत्तर आहे कण्णूर, उत्तर केरळ.

पहिल्या वर्षी आम्ही गोव्यात फसलो. फोटो पाहून सहा आठवड्यांचं भाडं आगाऊ भरलं. मागच्या भिंतीला लागून रात्री दोनपर्यंत गाणी वाजवणारी जागा निघाली. नवव्या दिवशी सामान बांधलं, पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी कुठेही आधी एकाच आठवड्याचे पैसे देतो, आणि ते सात दिवस त्या घरात रात्र कशी जाते ते बघतो.

कण्णूरला नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट जाते. मध्ये गाडी बदलायची नाही, साधारण एका दिवसाचा प्रवास. शहराबाहेर तोट्टडाच्या बाजूला आम्ही घराचा वरचा मजला घेतो. दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, महिन्याला १८,००० रुपये. खाली मालकीणबाई राहतात. शेजारी हातमागाचं काम चालतं. पहिल्या सकाळी मागाची खटखट ऐकून ही खिडकीशीच उभी राहिली. माहेर येवल्याचं, त्यामुळे तो आवाज लहानपणापासून कानात बसलेला.

माझं म्हणणं एवढंच : ज्या गावाचं पोट पर्यटकांवर नाही, तिथेच दीर्घकाळ स्वस्त राहता येतं. तिथे भाजीचा भाव सगळ्यांना एकच असतो आणि रात्री नऊला दिवे मालवतात. कण्णूरला मासे, माग, विड्या, बाजार, सगळं आपापलं चालू असतं. हिवाळ्यात तेय्यमचे, म्हणजे देवाचं रूप घेऊन नाचण्याच्या तिथल्या विधीचे, दिवस असतात. पहाटे अंधारात एखाद्या कावात, म्हणजे देवराईतल्या देवस्थानात, मशालींच्या उजेडात ते बघणं, त्याला तिकीट नाही, रांग नाही.

आरती, गंगापूर रोड
काका, नांदतं गाव हवं हे पटलं. पण ते आपल्याच देशात असलं पाहिजे हे कशावरून? मी आणि आई श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर तंगाल्लेला पाच आठवडे राहिलो. मिरिस्सा, उनावटुना इथे डिसेंबरात पाय ठेवायला जागा नसते, तंगाल्ले पुढे असल्यामुळे निवांत. कोलंबोहून किनाऱ्याने जाणारी रेल्वे २०१९ पासून बेलिअत्तापर्यंत येते, तिथून थोडंच अंतर. आपला रुपया तिथल्या तीन रुपयांहून जास्त, आणि फेब्रुवारी २०२४ पासून बऱ्याच ठिकाणी यूपीआय चालतं. भात, तीन-चार भाज्या आणि खोवलेल्या नारळाचा तिखट पोल सांबोल असं जेवण घरगुती खानावळीत मिळालं की आई तृप्त. वयाच्या ६८ व्या वर्षी तिच्या पासपोर्टवर पहिला शिक्का पडला. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला कण्णूरला दिसला नसता, हे मी मनापासून सांगते.

मखमलाबादकर
आईंचा आनंद मोठाच, त्याला तोड नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. विमानाची दोन तिकिटं, व्हिसा ३० दिवसांचा आणि पुढे मुदतवाढ, शिवाय साठीनंतर प्रवास विमा महाग, त्यातही आधीचे आजार बऱ्याचदा वगळलेले. इथली आरोग्य पॉलिसी सहसा देशाबाहेर चालत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बरोबर न्यायच्या ते वेगळंच. पंधरा दिवसांसाठी मी हो म्हणेन, दोन महिन्यांसाठी नाही.

दिंडोरीचा बागायतदार
तुम्ही सगळे डिसेंबर धरून बोलताय. आम्ही काय करायचं? ऑक्टोबर छाटणीनंतर माल निघेपर्यंत द्राक्षबाग सोडून एक रात्र बाहेर राहता येत नाही. दव पडलं की फवारणी, थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्या, मग विरळणी, मग व्यापारी. एप्रिलात खरड छाटणी. काडी पिकत असते त्या जुलै-ऑगस्टात काय ती उसंत. त्या वेळी तुमचं कण्णूर पावसात बुडालेलं, कोकण तसंच, आणि आरतीताईंचं तंगाल्लेही नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या वाटेवर. आधी महिना ठरवावा, जागा मग.

आम्ही भावाभावांनी मिळून श्रीलंकेचाच पूर्व किनारा धरला, त्रिंकोमालीजवळ निलावेली. तिकडे पाऊस ईशान्येकडून हिवाळ्यात येतो, त्यामुळे जुलैत आभाळ कोरडं. संध्याकाळी कड्यावरच्या कोणेश्वराच्या देवळात जाऊन बसायचं, खाली नुसता समुद्र. वर्षभर ज्या पावसाची धास्ती असते, त्याचा पंधरा दिवस विचारसुद्धा आला नाही. बालीत पूर्वेकडचं आमेडही त्या महिन्यांत कोरडं असतं, पण तिकीट भारी पडतं म्हणून सोडून दिलं.

चिपळूणची लेक, नाशिकची सून
मला कुणाचंच पूर्ण पटलेलं नाही. शांत जागा म्हणजे माणसांपासून लांब, असं सगळे गृहीत धरताय. माझ्या सासऱ्यांना परराज्यात एका किनाऱ्यावर रात्री छातीत कळ आली. नेमकं कुठे दुखतंय, ते त्यांना मराठीशिवाय सांगता येईना आणि समोरच्याला मराठी कळेना. मी फोनवरून हिंदीत समजावत होते, मधल्या माणसाला हिंदीही अर्धवट. पित्त निघालं म्हणून निभावलं. पण ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. म्हातारपणी दोन महिने राहायचं तर आपली भाषा बोलणारं गाव हवं. गुहागरला या. सुरूच्या बनातून समुद्रावर जायचं, संध्याकाळी व्याडेश्वराचं देऊळ, आणि खालच्या पाटात, म्हणजे गावातल्या त्या वस्तीत, घर घेतलंत तर शेजारची काकू तिसऱ्या दिवशी सोलकढी आणून देते.

मखमलाबादकर
भाषेचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत होतो. पण मोठं दुखणं आलं तर गुहागरहून चिपळूण गाठायला ४५ किलोमीटर घाटवळणाचा रस्ता. कण्णूर हे जिल्ह्याचं शहर, आम्ही शहरापासून रिक्षाच्या अंतरावर, परियारमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. रात्री दोनला मला आधी डॉक्टर हवा, भाषा नंतर.

चिपळूणची लेक, नाशिकची सून
रात्री दोनची गोष्ट दोन महिन्यांत एकदा घडेल, किंवा घडणारही नाही. दुपारी चारची गोष्ट रोजची. वहिनी दुपारी चारला कुणाशी बोलतात? त्यांना विचारलंत?

सिडकोचा समीर
मी घरून काम करतो. डिसेंबरात थायलंडमधल्या को लांताला महिनाभर होतो, क्राबीहून व्हॅन आणि फेरीने जावं लागतं. निवांत बेट आहे, इंटरनेट चांगलं. कुणी जाणार असाल तर थायलंडच्या पूर्वेकडचं सामुई डिसेंबरच्या मध्यापर्यंत घेऊ नका, तिकडे पाऊस असतो. बाकी ज्येष्ठांच्या बाबतीत चिपळूणच्या ताईंशी सहमत.

मखमलाबादकर
काल रात्री विचारलं. ती म्हणाली, मालकीणबाई आणि ती एकमेकींना वाटीभर काहीतरी देतात, हसतात, आणि त्यानंतर शब्द संपतात. मागाचा आवाज दुपारी जेवणाच्या सुट्टीत थांबतो, तो तास तिला जड जातो. तीन वर्षांत हे मला एकदाही बोलली नव्हती. मी समुद्रावर वाचत बसलेला असायचो. आम्ही दर वेळी बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याचं तेल इथून नेतो, ते ओझं मी मोजलं होतं, हे नाही.

कण्णूर सोडणार नाही, तिलाही ते आवडतं. पण जानेवारी गुहागरला काढावा असं ती म्हणतेय. ताई, खालच्या पाटात महिनाभरासाठी, स्वयंपाकघर असलेलं, तळमजल्यावरचं घर कुणाकडे आहे का? आठवड्याचेच पैसे आधी देईन, हे मात्र त्यांना सांगून ठेवा.

चिपळूणची लेक, नाशिकची सून
आहे. आत्याच्या शेजारचं, परसात विहीर आणि दोन माड. जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर या, नाताळची गर्दी तोवर परत गेलेली असते. जिना नाही. पीठ मात्र आणा, तिथे तांदळाचीच भाकरी.