संतोषी माता सिनेमाने घडवली, असं किती दिवस म्हणत राहणार?

सुमेधा
1975 साली 'जय संतोषी माँ' आला. 'दीवार' आणि 'शोले' त्याच वर्षीचे. मोठा नट नाही, पैसा बेताचा, तरी हा सिनेमा त्यांच्या बरोबरीने चालला. बाया चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, आरती सुरू झाली की पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. माध्यमं आणि धर्म यांवरच्या अभ्यासात हे उदाहरण हमखास येतं, आणि त्याच्या मागोमाग 'सिनेमाने नवी देवी जन्माला घातली' हेही येतं. माझा आक्षेप त्यावर आहे.

अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी 2002 साली 'मानुषी' मासिकात या सिनेमावर सविस्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की 1960 च्या दशकातच संतोषी मातेचं सोळा शुक्रवारांचं व्रत उत्तर भारतात बायकांच्या तोंडून, स्वस्त पोथ्यांतून आणि तसबिरींतून पसरत होतं, देवळंही होती. म्हणजे सिनेमा काढणाऱ्यांना गिऱ्हाईक आयतं मिळालं.

ती पोथी उघडून बघा. सव्वा पैशाचे गूळ-चणे घ्या, इच्छा असेल तर सव्वा पाच पैशांचे, नाहीतर सव्वा आण्याचे. कहाणी ऐकताना ते हातात धरायचे, मधूनमधून मातेचा जयजयकार करायचा, संपल्यावर हातातले गाईला घालायचे. भटजी लागत नाही, दक्षिणा नाही, मुहूर्त नाही. हातावर पोट असलेल्या बाईला परवडेल असं कुणीतरी फार विचार करून बसवलंय. एवढं सगळं उभं करणाऱ्या बायका अभ्यासात दिसत नाहीत, कारण त्यांचा निर्माता नाही, पोस्टर नाही, तिकीटबारीचा आकडा नाही.

रघुनंदन
सुमेधाताई, व्रत आधी होतं हे मान्य. पण 'आधी होतं' एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. आधी काय होतं आणि नंतर काय उरलं, हे बघायला हवं.

पोथीतल्या कहाणीत म्हातारीला सात मुलगे. सहा कमावते, सातवा रिकामटेकडा. आई सहांच्या ताटातलं उष्टं सातव्याला वाढते. तो घर सोडतो, आणि सासू सुनेला लाकडं आणायला रानात पिटाळते. म्हणजे छळ करणारी आई आहे. सिनेमात ही आई नाहीशी होते आणि सगळा दुष्टपणा दोन जावांच्या पदरात पडतो. वर देवलोकातही तेच भांडण: लक्ष्मी, पार्वती, ब्रह्माणी या नव्या देवीवर जळतात. संतोषी माता गणपतीची मुलगी, रक्षाबंधनाला भावांच्या हट्टापायी जन्मलेली, हेही सिनेमाने घराघरात नेलं. ज्या बाईला आज आरती येते तिला उषा मंगेशकरांच्याच चालीवर येते. एवढा बदल करणाऱ्या माध्यमाला नुसता हमाल कसं म्हणायचं?

अनुजा (इंदूर)
आमच्याकडे मराठी घरांतही ही पोथी हिंदीतच वाचतात, म्हणून लिहिते. शुक्रवारी सिनेमा कुणी वाचत नाही, पोथीच वाचतात. आंबट खायचं नाही, उद्यापनाला आठ मुलगे जेवायला, हे नियम पोथीतले. पोथीत मुलं पैसे मागून चिंच खातात आणि उद्यापन मोडतं, सिनेमात जावा जेवणात लिंबू पिळतात. उसनवारी कुणाची कुणाकडून आहे ते यातच दिसतं. आणि पोथीत आणे आहेत. दशमान नाणी 1957 ला आली, म्हणजे मजकूर त्याही आधीचा असणार.

रघुनंदन
आण्यांवरून काळ ठरवू नका, अनुजाताई. व्रतवैकल्यांत जुनी नाणी आणि मापं टिकून राहतात. त्याच पोथीत उद्यापनाला अडीच शेर पीठ सांगितलंय आणि शेर जाऊनही जमाना झाला. पुरावा म्हणून हे फार कच्चं आहे.

माधव
दोघंही एका गोष्टीला बगल देताय. सुमेधा म्हणतात की हे बायकांचं स्वतःचं काम. ठीक. पण कहाणी बाईला देते काय? नवरा परत येतो, पैसा येतो, मुलगा होतो. मुलगी झाली असं कुठे आहे? उद्यापनालाही मुलगेच जेवणार. जिचा छळ होतो तिने सोळा शुक्रवार उपास करायचा आणि छळणारी सासू शेवटी दर्शनाची धनी व्हायची. अभ्यासकांनी याला बायकांची ताकद म्हणून डोक्यावर घ्यावं, हे मला पटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ वीणा दास यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच या सिनेमावर लिहिलं, स्टॅन्ली कुर्ट्झ यांनी 1992 साली देवीला सामूहिक मातृत्वाशी, म्हणजे एकत्र कुटुंबात सगळ्या बायका मिळून मूल वाढवतात त्याच्याशी, जोडून अख्खं पुस्तक केलं. देवी नवी की जुनी यावर एवढा काथ्याकूट झाला. तेवढ्या बारकाईने सुनेच्या पोटात त्या शुक्रवारी काय गेलं ते कोण विचारतंय?

सुमेधा
माधव, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळत नाही. पण उपास करणारी सून त्या शुक्रवारी शेजारच्या बायकांत बसते, जिथे सासूच्या छळाची गोष्ट मोठ्याने वाचली जाते आणि सासू ती ऐकत असते. दुसऱ्या कुठल्या निमित्ताने हे घडलं असतं?

रघुनंदन, आपल्याकडचे मार्गशीर्षातले गुरुवार बघा. घट, पाच प्रकारची पानं, छोटं पुस्तक, शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू. असा गाजलेला कुठला सिनेमा त्यामागे नव्हता, तरी मुंबईच्या चाळींपासून कोकणापर्यंत ते पोचलं. छापखाना आणि शेजार एवढ्यावर व्रत पसरतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

रघुनंदन
पसरतं, पण त्यातून एकत्र जमाव होत नाही. मोठ्या माध्यमाचं वेगळेपण तिथे आहे. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं. रामकथा काही रामानंद सागरांनी जन्माला घातली नाही, तरी देशभर एकाच घटकेला टीव्हीला हार घातले गेले. माध्यमांचे अभ्यासक अरविंद राजगोपाल यांच्या 2001 च्या अभ्यासाचा रोख भक्तीच्या निर्मितीवर नाहीच. टीव्हीने एक सामाईक प्रेक्षक उभा केला आणि राजकारणाला तो वापरता आला, हा त्यांचा मुद्दा. 1975 चं थिएटरही मी तसंच बघतो. घराघरात वेगवेगळ्या बसलेल्या बायका तिथे पहिल्यांदा शेकड्यांनी एकत्र बसल्या, आणि त्यानंतर ती देवी फक्त त्यांच्या घरातली राहिली नाही.

सुमेधा
मग तपासून बघूया. 1975 च्या आधी छापलेली संतोषी मातेची पोथी कुणाच्या घरी असेल तर त्यात गणपतीचा उल्लेख बाप म्हणून येतो का, आणि मुखपृष्ठावर देवीच्या हातात काय आहे, एवढं इथे लिहा. साल छापलेलं असेल तरच.

माधव
आणि पोथीवर कुणा बाईचं नाव लिहिलेलं असेल तर तेही बघा. नाव इथे देऊ नका, पण त्या बाईंना जाऊन विचारा की सोळा शुक्रवार कशासाठी केले होते.