कलाप्रदर्शनात विद्यापीठांच्या रांगा आणि चषक हवेतच कशाला?

वैनगंगाकाठ :
आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात परवा तीन विद्यापीठांच्या पोरापोरींचं एकत्र चित्र-शिल्प प्रदर्शन झालं. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना. झालं याचा आनंदच आहे, खटकली ती मांडणी. तीन विद्यापीठांच्या तीन रांगा, प्रत्येकीवर मोठा फलक आणि दाराशी मतपेटी : सर्वोत्कृष्ट विद्यापीठ कोणतं? लोक आत आले की आधी आपला फलक शोधायचे, चिठ्ठी टाकायचे आणि निघायचे.

अमरावतीच्या एका मुलीनं धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पेंढ्या रचून केलेले ढीग, रंगवले होते. तिकडे कपाशी-सोयाबीनचा मुलूख, पुंजणा तिनं फोटोतच पाहिलेला. गावातल्या एक आजी चित्रापुढे थांबल्या नि म्हणाल्या, "बाई, लोंब्या बायेर ठेवल्या त आलेल्या पाण्यानं धान खराब होते. त्या आतमंदी रायतेत." पोरीनं तिथेच वही काढली. आजी हातानं पेंढ्यांवर पेंढी कशी बसते ते दाखवत होत्या. खेड्यात प्रदर्शन भरवायचं ते याच्यासाठी. चषकाचा इथे काय संबंध?

पऱ्हाटी_यवतमाळ :
भाऊ, चुरस नसती तर एवढी गर्दी झाली असती का? पोट्टे आपल्या विद्यापीठासाठी रात्र रात्र जागतात. राज्यपाल कार्यालयाचा 'इंद्रधनुष्य' युवा महोत्सव २००३ पासून विद्यापीठांच्या स्पर्धेवरच चालू आहे. कितीतरी खेड्यांतल्या पोरांना त्यातूनच पहिल्यांदा मंच मिळाला. ते काहून चुकीचं?

वैनगंगाकाठ :
चुकीचं नाहीच. पण तिथे चित्र असो की मातीकाम, सगळ्यांना वेळ सारखाच, आणि जोखणारे त्या कलेतले जाणकार. इथे एका बाजूला महिनाभर घडवलेलं मातीचं शिल्प, दुसऱ्या बाजूला छोटं जलरंग. दोघांना एका चिठ्ठीत कसं तोलणार? बरं, ज्याची गाडी भरून माणसं आली, त्याला मतं जास्त.

धानोऱ्याची_लेक :
दादा, मतपेटी नको हे पटलं. फलक मात्र हवाच. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं. त्याआधी गडचिरोली-चंद्रपूरची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती, तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी काहीही केलं तरी नाव नागपूरचं व्हायचं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याला फलक नसला तरी चालतं. आम्हाला आत्ता कुठे आमचं नाव मिळालंय आणि तुम्ही ते उतरवायला सांगता?

वैनगंगाकाठ :
ताई, तुमची बाजू खरी आहे, आणि रांगांनी अन्याय होतो तो तिथेच. चंद्रपूरकडचे एक चित्रकार आहेत, त्यांची पदवी २०११ च्या आधीची. त्यांना नागपूरच्या रांगेत बसवलं! आणि झाडीपट्टी नाटकांचे, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे, पडदे रंगवणारे एक काका, ज्यांचे राजवाडे आणि रान आपण दिवाळीनंतर रात्र रात्र बघतो, त्यांच्याकडे पदवीच नाही. त्यांचा पडदा बाहेर मांडवाच्या खांबाला बांधला होता. आतल्या कुठल्याच रांगेत ते बसत नव्हते. चित्राखालच्या पट्टीवर कलाकाराचं नाव, गाव, माध्यम आणि विद्यापीठ सगळं लिहा की. गाव आधी लिहा. फक्त भिंती वाटून घेऊ नका.

पऱ्हाटी_यवतमाळ :
काकांचा पडदा बाहेर ठेवला हे वाईटच झालं, त्यावर वाद नाही. पण चषक काढला तर कॉलेजवाले बसचं भाडं देतील का? जिंकायचं असते म्हणून तर प्राचार्य सही करतात. एवढ्या लांब पोरं स्वखर्चानं येणार नाहीत भाऊ.

धानोऱ्याची_लेक :
मग बक्षीस माध्यमानुसार द्या, जलरंगाला वेगळं, मातीकामाला वेगळं. प्राचार्यांना सांगायला बक्षीस राहील. पडद्याच्या काकांना परीक्षक म्हणून बसवा, आत, खुर्चीवर.

पऱ्हाटी_यवतमाळ :
काका परीक्षक, हे मंजूर. विद्यापीठाच्या चषकाबद्दल माझं मत तेच आहे. पुढच्या बैठकीत मी तो मागणारच.