अपघातामुळे दिवस भरले नाहीत म्हणून बेकारी भत्ता नाही, आणि बोर्ड बसत नाही म्हणून अपंगत्वाचे पैसे नाहीत: काय करावे?

सातारची लेक
9 जानेवारी 2021

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या वतीने हे लिहीत आहे. तो पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर कामाला होता. पगार महिना 14,600 रुपये होता आणि त्यातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी 2017 पासून नियमित कापली जात होती. 11 नोव्हेंबर 2019 रोजी प्रेसमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे, तर्जनी आणि तिच्या शेजारचे, मुळापासून गेली. उपचार ईएसआयमधूनच झाले. 12 नोव्हेंबर ते 16 फेब्रुवारी या काळातील तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे, थोडे रखडत का होईना, मिळाले. 17 फेब्रुवारीला तो पुन्हा कामावर गेला तेव्हा त्याला प्रेसऐवजी पॅकिंगला बसवले, आणि जेमतेम महिनाभरात कोविडची टाळेबंदी आली.

जूनमध्ये काम सुरू झाले, परंतु ऑर्डर नाहीत असे सांगून ऑगस्टमध्ये ठेकेदाराने पाच जणांना बोलावले आणि आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सह्या घेतल्या. सही केल्याशिवाय जुलैचा पगार मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. भावाने सही केली. घरात आई आजारी, खोलीचे भाडे थकलेले, त्यामुळे त्याला मी दोष देत नाही.

बेकारी भत्त्यासाठी ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली अर्ज केला तेव्हा तिच्या शाखा कार्यालयाने दोन हरकती घेतल्या. पहिली, नोकरी स्वतःहून सोडल्याची नोंद आहे. दुसरी, ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020 या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवस हवेत, तेथे 61 दिसतात. म्हणजे ज्या दिवसांत तो हाताला बँडेज बांधून घरी बसला होता, त्याच दिवसांमुळे तो बेकारी भत्त्याला अपात्र ठरतो आहे. कायमच्या अपंगत्वाबाबत विचारले तर रुग्णालय कोविडसाठी घेतल्यामुळे अपंगत्वाचे टक्के ठरवणारे मेडिकल बोर्ड बसत नाही, चौकशी करत राहा, एवढेच उत्तर मिळते. ही दोन्ही प्रकरणे वेगवेगळी चालवावीत की एकत्र, आणि आधी कोणाच्या दारात जावे, हे कृपया कोणी सांगावे.

पगारपत्रक
9 जानेवारी 2021

ताई, मी 26 वर्षे लहान-मोठ्या कारखान्यांच्या टाइम ऑफिसमध्ये काढली आहेत, म्हणून आधी त्या 61 च्या आकड्याबद्दल बोलतो. हा आकडा शाखा कार्यालयाने काढलेला नाही; ईएसआयकडे भरायच्या दर महिन्याच्या विवरणात ठेकेदाराच्या कारकुनाने जे दिवस भरले त्यांची ती बेरीज आहे. ऑक्टोबरचे 23, नोव्हेंबरचे 9, फेब्रुवारीचे 12 आणि मार्चचे 17 अशी नोंद असावी, असा माझा अंदाज आहे. विमा क्रमांकाने पोर्टलवर जाऊन वर्गणीचा तपशील काढला की खात्री होईल. अंदाज बरोबर असेल तर कारकुनाने रविवार, दसरा, दिवाळी, धूळवड हे सगळे वगळून केवळ प्रत्यक्ष हजेरी मोजली आहे. रोजंदारीच्या माणसाला ते लागू पडेल. पण तुमच्या भावाला महिना पगार होता, म्हणजे साप्ताहिक सुट्टी आणि सणाची सुट्टी भरपगारी होती, आणि ज्या दिवसाचे वेतन दिले तो दिवस वर्गणीच्या हिशेबात धरला पाहिजे.

तसे मोजून पाहा. ऑक्टोबरचे 31, अपघाताच्या दिवसापर्यंत नोव्हेंबरचे 11, 17 फेब्रुवारीपासून महिनाअखेर 13 आणि 1 ते 22 मार्चचे 22, बेरीज 77. एक दिवस कमी! माझ्या नोकरीत असे एका दिवसाने अडलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. आता सगळी भिस्त मार्चच्या शेवटच्या नऊ दिवसांवर आहे. टाळेबंदीत वेतन कापू नये असा केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश 29 मार्च 2020 रोजी निघाला होता. पुढे मे महिन्यात तो मागे घेतला गेला, परंतु मार्चचा पगार पुष्कळ ठेकेदारांनी त्या आदेशाच्या धाकाने पुरा दिला. भावाचे पासबुक काढा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मार्चचा पगार पूर्ण जमा झालेला असेल तर दिवस 86 होतात आणि दुसरी हरकत उरतच नाही.

या दुरुस्तीसाठी ठेकेदाराला गाठावे लागेल आणि तो टाळाटाळ करील, कारण विवरणात मार्चचे वेतन कमी दाखवले असेल तर फरकावर मालकाचे 3.25 आणि कामगाराचे 0.75 टक्के अधिक 12 टक्के दराने व्याज त्याला भरावे लागेल. ही रक्कम दोन-तीनशे रुपयांच्या घरातली आहे, हे त्याला शांतपणे समजावून सांगा. ऑक्टोबरमध्ये मात्र वेतन पूर्ण आणि दिवसच कमी दाखवले असतील. तेथे त्याला एक रुपयाही जादा लागत नाही, केवळ दुरुस्तीचे पत्र द्यायचे आहे.

भत्ता किती मिळेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षा अवाजवी राहणार नाही. चार वर्गणी काळांतील एकूण वेतनाला 730 ने भागून रोजची सरासरी काढतात. अपघाताच्या 97 दिवसांत वेतन नव्हते, कारण अपंगत्वाचा लाभ हे वेतन नव्हे. त्यामुळे भागाकारातला वरचा आकडा घटतो आणि खालचा 730 तसाच राहतो. पगार दोन्ही वर्षे सारखाच धरला तर एकूण सुमारे 3,03,680 रुपये होतील, म्हणजे रोजचे 416. भावाची नोकरी 24 मार्च ते 31 डिसेंबर 2020 या काळात गेली असल्याने वाढीव, म्हणजे 50 टक्के, दर लागू होतो: रोजचे 208 रुपये आणि जास्तीत जास्त 90 दिवसांचे 18,720. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. अपघात झाला नसता तर हीच रक्कम 21,600 झाली असती, तेव्हा तुमची तक्रार खरी आहे. अपघाताने त्याचे इथेही नुकसान केलेच आहे.

गेटसभा
10 जानेवारी 2021

वरील हिशेब उत्तम आहे, पण केवळ दिवस भरून भागणार नाही, कारण पहिली हरकत अधिक जड आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला ही योजना लागू नाही. मासिक विवरणात कामगाराचे दिवस शून्य दाखवताना मालकाला कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘नोकरी सोडली’ असाही पर्याय असतो आणि ‘कामगार कपात’ असाही. सगळे ठेकेदार डोळे झाकून पहिला निवडतात. कपात म्हटले की औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची भरपाई अंगावर येते, म्हणून तर राजीनामा लिहून घेण्याचा खटाटोप. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन 23.9 टक्क्यांनी घसरले, तेव्हा ऑर्डर नव्हत्या हे ठेकेदाराचे म्हणणे खोटे नसेल. परंतु ऑर्डर नाहीत म्हणून माणूस कमी केला, याचेच नाव कपात आहे, आणि हे त्याच्याच तोंडचे वाक्य तुमच्या उपयोगाचे आहे.

तुमच्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा तुम्ही ओघात लिहून गेलात. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, एकाच यंत्रावर टाइप केलेले पाच राजीनामे! पाच माणसांना एकाच दुपारी एकाच शब्दांत नोकरीचा कंटाळा येत नाही. उरलेल्या चौघांना शोधा आणि पाचही जणांनी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्याच कायद्याच्या कलम 2-ए खाली कामावरून कमी केलेला एकटा कामगारसुद्धा, संघटना नसली तरी, विवाद उपस्थित करू शकतो. समेटाच्या अर्जाला 45 दिवस होऊन गेले तर थेट कामगार न्यायालयात जाता येते आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. तक्रारीची पोच मिळाली की तिची प्रत शाखा कार्यालयात भत्त्याच्या अर्जाला जोडा आणि राजीनामा वादग्रस्त असल्याने अर्ज फेटाळू नये, प्रलंबित ठेवावा, अशी लेखी विनंती करा. तोंडी बोलण्याला तेथे काडीचीही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट. कपात सिद्ध झाली तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचाही विचार करता येतो. तिच्यात पहिले 12 महिने 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के असा 24 महिन्यांपर्यंत भत्ता आहे, म्हणजे 90 दिवसांच्या योजनेपेक्षा कितीतरी मोठा. त्या योजनेत 40 टक्के कायमच्या अपंगत्वाचीही तरतूद आहे, पण ती कामाबाहेरच्या इजेसाठी आहे. तुमच्या भावाची इजा कामावरची असल्याने त्या वाटेने जाऊ नका, कपातीच्या वाटेने जा.

मशीनवरचा माणूस
12 जानेवारी 2021

बहिणीला नमस्कार. माझाही अंगठा 2014 मध्ये प्रेसनेच नेला, म्हणून बोर्डाबद्दल स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. दोन्ही प्रकरणे वेगळी चालवावीत आणि बोर्डाचे आधी धरावे, कारण त्यात राजीनामाही आड येत नाही आणि 78 दिवसांचीही अट नाही. कामावरच्या इजेसाठी माणूस पहिल्या दिवसापासून विम्यात असतो.

ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणत्या अवयवाला किती टक्के हे छापलेलेच आहे. अंगठ्याला 30, एका हाताची दोन बोटे गेल्यास 20. पुष्कळ जण तर्जनीचे 14 आणि मधल्या बोटाचे 12 अशी बेरीज करून 26 ची आशा धरतात आणि मग बोर्डाने फसवले असे म्हणतात. तसे नाही, दोन बोटांसाठी वेगळी ओळ आहे. त्याच्या पगारावर तात्पुरत्या अपंगत्वाचा दर रोज साधारण 438 रुपये असेल, त्याचे 20 टक्के म्हणजे सुमारे 87 रुपये, महिन्याला 2,600 च्या आसपास. हे पैसे आयुष्यभर मिळतात, दुसरीकडे नोकरी लागली तरी थांबत नाहीत, आणि तात्पुरता लाभ बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. म्हणजे 17 फेब्रुवारी 2020 पासूनची थकबाकी येणे आहे. बोर्ड वर्षभर बसले नाही तरी ती बुडत नाही, मात्र घर चालवायला आज पैसे लागतात हे मला कळते.

‘चौकशी करत राहा’ या उत्तरावर मी पाच महिने घालवले होते. तसे करू नका. बोर्डासमोर बोलवावे असा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि तारीख मिळेल तेव्हा अपघात नोंदवहीतील नोंदीची प्रत, शस्त्रक्रियेचा कागद आणि एक्स-रे सोबत न्या. बोर्डापुढे दोन मिनिटे मिळतात. हात दाखवायचा, कोणते काम करत होतो ते सांगायचे, रडगाणे गायचे नाही. टक्के कमी वाटले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात अपील करता येते.

कोणीतरी त्याला तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेसाठी पाठवील, मलाही पाठवले होते. तेथे जिल्हा रुग्णालयाचे किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ईएसआय बोर्डाचे 20 टक्के हे कमाई करण्याच्या क्षमतेत आलेल्या घटीचे असतात, त्या प्रमाणपत्राशी त्यांचा संबंध नाही. दोन बोटांवर 40 होणे अवघड आहे, तेव्हा ती फेरी वाचवा.

सातारची लेक
3 मार्च 2021

तिघांचेही मनापासून आभार. पासबुकात 7 एप्रिलला पूर्ण पगाराची नोंद सापडली. पगारपत्रक यांनी सांगितलेले चारही आकडे तंतोतंत निघाले, हे पाहून भाऊ अनेक दिवसांनी हसला. ठेकेदाराच्या कारकुनाने ऑक्टोबर आणि फेब्रुवारीच्या दुरुस्तीचे पत्र दिले. मार्चचे मात्र ‘सीए बघतील’ असे म्हणून अडवून ठेवले आहे, आणि नेमके तेच नऊ दिवस हवे आहेत. म्हणून पासबुकाची साक्षांकित प्रत जोडून ते शाखा कार्यालयालाच लिहून दिले आहे, कारण वर्गणी देय होती एवढे दाखवणे पुरेसे असावे असे मला वाटते.

पाचांपैकी तिघे कामगार कार्यालयात सही करायला आले. चौथा ओडिशाला गावी गेला आहे आणि पाचव्याला त्याच ठेकेदाराने परत कामावर घेतले आहे, त्यामुळे तो बोलत नाही. समेटाची पहिली तारीख 18 मार्च मिळाली आहे.

बोर्डाचे पत्र 22 फेब्रुवारीला आले आणि तपासणी परवा झाली. निकाल यायचा आहे. डॉक्टरांनी त्याला डाव्या हाताने सही करता येते का, असे विचारले. त्याने करून दाखवली. ते विचारणे त्याच्या बाजूचे होते की विरुद्ध, हे मशीनवरचा माणूस यांनी जमल्यास कळवावे.