मदत हवी आहे : चाळीतील ज्येष्ठांसाठी सायबर फसवणुकीविषयी वर्ग

सप्रेम नमस्कार. लालबाग-परळ भागातील आमच्या चाळींमधील ज्येष्ठ नागरिक आणि महिला मंडळाच्या सदस्यांसाठी ऑनलाइन फसवणुकीपासून बचावाचे वर्ग सुरू करण्याचा आमचा विचार असून, त्यासाठी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन द्यावा लागत नाही, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे फलकावर लिहून सांगता येते. परंतु पोलिसी गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर धमकावत असताना आणि ‘घरच्यांनाही सांगू नका’ असे बजावत असताना फोन बंद करण्याचे धैर्य केवळ व्याख्यानाने येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून अशा संभाषणांचा प्रत्यक्ष सराव घ्यावा असे वाटते. कोणी तो घेतला आहे का? हृदयविकार असलेल्या व्यक्तींना त्रास न होता तो कसा घ्यावा?

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. पैसे गेल्यावर तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवल्यास रक्कम पुढील खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. पण मुले-सुना रागावतील या भीतीने अनेकजण गप्प राहतात. या वर्गांना कुटुंबीयांनाही बोलवावे का? सोप्या मराठीतील साहित्य कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.